धागा: अल्टूना - रेल्वेनं वसवलेलं गाव रेल्वेनंच ओस पाडलं का?

घाटवळण

नमस्कार मंडळी. पेन्सिल्व्हेनियातल्या अल्टूना या गावाबद्दल गेले काही महिने जमेल तसं वाचतोय. त्यातून एक मत झालंय ते इथे टाकतो, तुम्ही फाडायला मोकळे आहात.

अल्टूना हे १८४९ साली पेन्सिल्व्हेनिया रेलरोड कंपनीनं अक्षरशः शेतजमीन विकत घेऊन वसवलेलं गाव. बंदर नाही, मोठी नदी नाही, जुनी बाजारपेठ नाही. कारण एकच, ॲलेगेनी डोंगर. फिलाडेल्फियाहून पिट्सबर्गला जाणारी लाइन इथे डोंगराच्या पायथ्याशी येते आणि पुढे चढ सुरू. म्हणजे इथे इंजिनं बदलायची, जादा इंजिनं जोडायची, बिघडलेली दुरुस्त करायची. मग शेड आली, वर्कशॉप आलं, वर्कशॉपमागे माणसं आली. १८६८ला शहराचा दर्जा, १९०० साली ३९ हजार वस्ती, १९३०ला ८२ हजार. १९२०च्या दशकात एकट्या रेल्वेच्या कारखान्यांत १७ हजारांच्या आसपास लोक कामाला होते! आणि २०२०च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ४४ हजारांना थोडी कमी.

सगळीकडे याचं एकच ठरलेलं उत्तर वाचायला मिळतं, मोटारी आल्या, हायवे आले, रेल्वे संपली, गाव संपलं. मला हे पटत नाही. त्या डोंगरातून मालगाड्या आजही धो धो धावतात. रेल्वे संपलेली नाही, रेल्वेला माणसं लागायची संपली. म्हणजे घाव बाहेरून नाही, घरातूनच बसला, तो डिझेल इंजिनाचा. तुम्हाला काय वाटतं?

चहा_कटिंग

पहिला! वाचतोय.

पिट्टूवाला

अरे वा, आमच्या बाजूचा धागा! मी पिट्सबर्गला असतो. पाहुणे आले की आम्ही आधी व्यंकटेश्वर मंदिर आणि मग हॉर्सशू कर्व्ह अशी फेरी ठरलेली. घाटवळण, तुम्ही कर्व्हबद्दल काहीच लिहिलं नाही, हे म्हणजे पंढरपूरवर लिहून विठोबाचं नाव न घेण्यासारखं झालं.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गावाच्या पश्चिमेला काही मैलांवर डोंगराची एक घळ आहे. लाइन सरळ नेली असती तर चढ इतका उभा झाला असता की गाडी चढलीच नसती. मग जे. एडगर थॉमसन या चीफ इंजिनिअरनं लाइन घळीच्या एका कडेनं आत नेली, टोकाला २२० अंशांत वळवली आणि दुसऱ्या कडेनं बाहेर काढली. म्हणजे चढ लांबीत वाटून टाकला. १५ फेब्रुवारी १८५४ला सुरू झालं. काम केलं आयरिश मजुरांनी, साडेचारशेच्या आसपास, पहारी, फावडी आणि सुरुंगाची दारू, बाकी मशीन काही नाही. लांब मालगाडी आली की इंजिन समोरच्या कडेला उलट दिशेनं चाललेलं आणि शेपूट अजून अलीकडच्या कडेला, दोन्ही एकदम दिसतं. पोरं तर वेडी होतात.

इगतपुरीचा_नातू

बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागतात का तिथे अजून? आमच्या कसारा घाटात लागतात तसे?

पिट्टूवाला

@इगतपुरीचा_नातू हो तर! तिथे हेल्पर म्हणतात. जड गाड्यांना मागून इंजिनं ढकलतात, वर गॅलिट्झिनच्या बोगद्यापलीकडे गेले की सुटून परत खाली येतात. दिवसभर हाच उद्योग.

घाटवळण

भोर घाटाची आठवण मलाही आली होती. चढ पाहिला तर आपला घाट जास्त कठीण बरं का. तिकडे मैलाला ९० ते ९५ फूट, आपल्याकडे ३७ला १ म्हणजे मैलाला १४० फुटांच्या वर. आणि काळही तोच, भोर घाट १८६३ला खुला झाला. तिकडे वळण घेतलं, इकडे रिव्हर्सिंग स्टेशन केलं जिथे गाडी उलटी होऊन पुढे चढायची, ते १९२९पर्यंत चाललं. पण हा धागा तिकडचा आहे, भोर घाटावर वेगळा काढू, नाहीतर हा भरकटायचा.

बोरूबहाद्दर

कर्व्हच्या आधी काय होतं ते जास्त भन्नाट आहे. १८३४पासून तिथे ॲलेगेनी पोर्टेज रेलरोड होता, राज्य सरकारचा. प्रकार असा की फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग मुख्यतः कालव्यानं जायचं, पण मधे डोंगर. कालवा डोंगरावर कसा नेणार? मग हॉलिडेजबर्ग ते जॉन्सटाउन ३६ मैलांत दहा उतरते पट्टे बांधले, पाच चढायला पाच उतरायला, प्रत्येकाच्या माथ्यावर एका जागी बसवलेलं वाफेचं इंजिन, ते दोर ओढणार आणि डबे वर येणार. पुढेपुढे तर नावाच तुकड्यांत बनवायचे, तुकडे गाड्यावर चढवून डोंगर ओलांडायचा आणि पलीकडे जोडून पाण्यात सोडायच्या. डोंगरावरून नाव! चार्ल्स डिकन्स १८४२ला यातून गेला आणि त्यानं त्याचं वर्णनही लिहिलंय.

दोर सुरुवातीला ताग-अंबाडीच्या जातीच्या वाखाचे असत आणि तुटायचे. जॉन रोबलिंग नावाच्या जर्मन इंजिनिअरनं त्या जागी तारेचे दोर आणले. हाच पुढे ब्रुकलिन ब्रिजचा रोबलिंग.

एवढं करूनही पूर्ण प्रवासाला चार दिवस लागायचे. पेन्सिल्व्हेनिया रेलरोडची लाइन पुरी झाल्यावर तोच पंधरा तासांवर आला. मग कोण बसतंय नावेत? १८५७ला कंपनीनं सरकारची ती अख्खी यंत्रणा ७५ लाख डॉलरला विकत घेतली आणि पोर्टेजला टाळं लावलं. सरकारी महामंडळाचं खासगीकरण, दुसरं काय.

चहा_कटिंग

डोंगरावरून नाव नेणाऱ्यांचं टेंडर कोणाला मिळालं होतं ते शोधा, आपल्याकडचाच असणार :)

फिटरची_पोर

मूळ प्रश्नावर येते. घाटवळण, तुमचं डिझेलचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं आणि ते घरातून पटलंय. बाबा भुसावळला स्टीम लोको शेडमध्ये फिटर होते. वाफेचं इंजिन म्हणजे रोज हातानं करायचं काम. राख काढा, फायरबॉक्स साफ करा, पाणी भरा, कोळसा भरा, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवा, नळ्या गळायला लागल्या की बदला, बेअरिंगं घासून बसवा. प्रत्येक कामाचा माणूस वेगळा, त्याचा मदतनीस वेगळा. बॉयलरमेकर ही तर जातच वेगळी होती, सगळे जरा कमी ऐकणारे, कारण आयुष्य हातोड्याच्या आवाजात गेलेलं. डिझेल आलं आणि यातली निम्मी अधिक कामंच नाहीशी झाली. माणूस आळशी झाला म्हणून नाही किंवा गाड्या कमी झाल्या म्हणून नाही, कामच उरलं नाही. भुसावळ जंक्शन असल्यानं आणि इतर शेड आल्यानं तरलं. जिथे दुसरं काही नव्हतं तिथे काय झालं असेल ते मी समजू शकते.

भोंग्यावर घड्याळ लावणारं गाव मी लहानपणी पाहिलंय. अल्टूनातही भोंगा असणारच.

वाफाळलेला

@फिटरची_पोर +१, आणि त्यात एक भर. बाकीच्या बहुतेक अमेरिकन कंपन्या इंजिनं बाहेरून विकत घ्यायच्या, बाल्डविन, अल्को, लिमा वगैरेंकडून. पेन्सिल्व्हेनिया रेलरोड स्वतःची इंजिनं स्वतः डिझाइन करून स्वतः बनवायची, थोडीफार बाल्डविनकडून करून घ्यायची इतकंच. अल्टूनात १८६६ ते १९४६ या काळात साडेसहा हजारांहून जास्त वाफेची इंजिनं बनली. एकट्या के-४ क्लासची ४२५ झाली त्यातली साडेतीनशेच्या आसपास इथली. म्हणजे हे नुसतं दुरुस्तीचं गाव नव्हतं, पूर्ण कारखाना होता, फाउंड्रीपासून रंगकामापर्यंत.

आता डिझेल आलं तेव्हा ते कुठून आलं? प्रामुख्यानं जनरल मोटर्सकडून, इलिनॉयमधल्या ला ग्रेंजहून, तयार. म्हणजे दुरुस्तीचं काम कमी झालं हा एक फटका आणि बनवण्याचं काम थेट दुसऱ्या राज्यात गेलं हा दुसरा. फिटरची_पोर म्हणतेय तो पहिला. दुसरा जास्त खोल होता असं माझं मत.

आणि कंपनी शेवटपर्यंत वाफेला चिकटून राहिली होती. कोळसा हेच तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, त्यामुळे कोळशाला पाठ कशी दाखवणार? १९३९ला अल्टूनात एस-१ नावाचं एक धूड बनवलं, टेंडरसकट (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) १४० फूट लांब, रेमंड लोवीनं डिझाइन केलेलं सुंदर प्रकरण, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ठेवलं. पण ते इतकं लांब होतं की वळणांवर चालेना! ओहायोतल्या क्रेस्टलाइनपासून शिकागोपर्यंतच्या सपाट सरळ लाइनवर तेवढं चालवलं आणि १९४९ला भंगारात. हॉर्सशू कर्व्हच्या गावात बनलेलं इंजिन आणि त्याला वळता येत नाही, काय बोलायचं.

बोरूबहाद्दर

एस-१वर ज्यानं सही केली त्याला प्रमोशन मिळालं असणार.

नदीपल्याड

मी जरा उलट बोलते. सगळे डिझेल डिझेल करताय पण हायवेचा मुद्दा इतका सहज उडवू नका.

पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइक १ ऑक्टोबर १९४०ला खुला झाला. अमेरिकेतला पहिला मोठा डोंगर ओलांडणारा हायस्पीड रस्ता. तो अल्टूनाच्या बराच दक्षिणेला बेडफर्डवरून जातो. म्हणजे पूर्व-पश्चिम वाहतूक शंभर वर्षं ज्या गावातून जात होती ती पहिल्यांदाच गावाला बगल देऊन जायला लागली. नंतर इंटरस्टेट ८० झाला, तो उत्तरेला. गाव दोन्हीच्या मधे कोरडं.

आणि यातली खरी गंमत ऐका. तो टर्नपाइक इतक्या लवकर झाला कारण बोगदे अर्धवट खणलेले तयार होते. ते कोणी खणले होते? १८८०च्या दशकात न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेवाल्या व्हँडरबिल्टनं पेन्सिल्व्हेनिया रेलरोडला टक्कर द्यायला साउथ पेन्सिल्व्हेनिया रेलरोड काढली होती. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या मुळावर उठल्या, मग बडा बँकवाला जे. पी. मॉर्गननं १८८५ला दोघांना समोरासमोर बसवून मांडवली केली आणि ते काम अर्धवट सोडून दिलं गेलं. पन्नास वर्षं बोगद्यांत पाणी साचत राहिलं. टर्नपाइकच्या सात बोगद्यांपैकी सहा त्यातले. ज्या प्रतिस्पर्ध्याला कंपनीनं मारलं तो रस्ता बनून परत आला आणि ट्रक घेऊन आला. कर्म म्हणतात ते हेच.

घाटवळण

@नदीपल्याड हे मस्तच, मला माहीत नव्हतं. प्रवासी वाहतुकीपुरतं तुमचं मान्य. पण कारखान्यातली नोकरी प्रवाशांवर नव्हती ना? माल अजूनही त्याच डोंगरातून जातोय. १९९०च्या दशकात तर दुमजली कंटेनर जावेत म्हणून गॅलिट्झिनचा बोगदा उंच-रुंद करून घेतला, त्यात राज्याचेही पैसे होते. मरणाऱ्या लाइनवर कोणी बोगदा रुंद करतं का?

नदीपल्याड

मधे १९७०ला कंपनी दिवाळखोरीत गेली हे विसरताय. १९६८ला कट्टर वैरी न्यूयॉर्क सेंट्रलशी लग्न लावून पेन सेंट्रल झाली आणि अडीच वर्षांच्या आत संपली, तोपर्यंतची अमेरिकेतली सगळ्यात मोठी दिवाळखोरी. मग सरकारनं १९७६ला कॉनरेल काढून उरलंसुरलं गोळा केलं, १९९९ला ही लाइन नॉरफोक सदर्न या खासगी रेल्वे कंपनीकडे आली. मधल्या काळात किती माल ट्रककडे गेला ते बघा आणि मग डिझेलला शिव्या द्या. कर्व्हवर चार रुळ होते, कॉनरेलनं १९८१ला एक उखडला. तीनच राहिलेत.

गोधडी

तुमचं भांडण चालू द्या, मला त्या कर्व्ह उडवायला आलेल्या नाझींची गोष्ट हवीये, नवऱ्यानं अर्धवट सांगितली आणि झोपला.

बोरूबहाद्दर

@गोधडी सांगतो. ऑपरेशन पास्टोरियस, जून १९४२. जर्मनीनं पाणबुड्यांतून आठ माणसं अमेरिकेत उतरवली, चार लाँग आयलंडला आणि चार फ्लोरिडात. सगळे आधी अमेरिकेत राहिलेले, इंग्रजी येणारे. घातपाताच्या यादीत ॲल्युमिनियमचे कारखाने, ओहायो नदीवरचे लॉक आणि हॉर्सशू कर्व्ह. हेतू साधा, पिट्सबर्गचं पोलाद आणि कोळसा पूर्व किनाऱ्यावर जाणारा नळ बंद करायचा.

फटाका मात्र वाजलाच नाही. लाँग आयलंडच्या टोळीचा म्होरक्या डाश यानं स्वतःच एफबीआयला फोन केला. त्यांना वाटलं कोणीतरी वेडा आहे. शेवटी तो वॉशिंग्टनला गेला, मिशनसाठी दिलेल्या डॉलरची चळत टेबलावर ओतली तेव्हा विश्वास बसला. सगळे पकडले. सहा जणांना ८ ऑगस्ट १९४२ला विजेच्या खुर्चीवर, डाश आणि बर्गर या दोघांना तुरुंग आणि युद्धानंतर जर्मनीत रवानगी.

चहा_कटिंग

सरकारी ऑफिसात गुन्हा कबूल करायला पण दोन खेपा घालाव्या लागतात. जगभर सारखंच.

वाफाळलेला

कर्व्हपेक्षा भयानक जागा वरच्या अंगाला आहे, बेनिंग्टन कर्व्ह. १८ फेब्रुवारी १९४७च्या पहाटे डेट्रॉइटहून न्यूयॉर्कला जाणारी रेड ॲरो ही प्रवासी गाडी उतारावर वेगात रुळावरून घसरली, २४ जण गेले. घाटात चढणं सोपं, उतरणं कठीण, हे आपल्या घाटातले ड्रायव्हरही सांगतील.

रसायनशेट

सगळे इंजिनातच अडकलात. अल्टूनाचं जगाला सगळ्यात मोठं देणं इंजिन नाही, प्रयोगशाळा आहे. १८७५ला कंपनीनं चार्ल्स डडली नावाचा येलमधून डॉक्टरेट केलेला केमिस्ट नोकरीला ठेवला. रेल्वेला केमिस्ट कशाला असं तेव्हा लोक विचारत. तर कंपनी तेल, साबण, रंग, पोलाद असं सगळं टनावारी विकत घ्यायची आणि पुरवठादार काय गळ्यात मारतोय ते कोणालाच कळायचं नाही. डडलीनं प्रत्येक मालासाठी लेखी अटी घातल्या, नमुना तपासायचा, बसला तर घ्यायचा नाहीतर परत.

१८७८ला त्यानं सांगितलं की जरा मऊ पोलादाचे रूळ कडक रुळांपेक्षा जास्त टिकतात. पोलादवाले असे भडकले की विचारू नका, आमच्या धंद्यात हा कोण नाक खुपसणारा! पण या भांडणातूनच पुढे खरेदीदार आणि उत्पादक एका टेबलावर बसून मानकं ठरवायला लागले. एएसटीएम ही संस्था, जिचे नंबर आज आपल्या पुण्या-नाशकातल्या प्रत्येक मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये रोज लिहिले जातात, तिचा पहिला अध्यक्ष हा डडली. मी तीस वर्षं सर्टिफिकेटांवर ते नंबर टायपले, मुळं या रेल्वेच्या गावात आहेत हे रिटायर झाल्यावर कळलं.

फिटरची_पोर

@रसायनशेट हे वाचून खरंच छान वाटलं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो क्वालिटीत आहे.

घाटवळण

रसायनशेट, हाच प्रतिसाद मुख्य लेखात हवा होता. अजून एक राजकीय पान राहिलं. सप्टेंबर १८६२, यादवी युद्ध ऐन भरात, अँटिएटमची लढाई १७ तारखेला झालेली, २२ला लिंकननं गुलाममुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढलेला. आणि २४ला उत्तरेकडच्या राज्यांचे गव्हर्नर अल्टूनात जमले, लोगन हाउस हॉटेलात. बोलावणं पेन्सिल्व्हेनियाच्या अँड्र्यू कर्टिनचं. अल्टूनाच का? कारण सगळीकडून गाडीनं पोचता येतं आणि हॉटेल स्टेशनला लागूनच. तिथून लिंकनला पाठिंबा गेला, मेरीलँडच्या गव्हर्नरनं तेवढी सही केली नाही. ते हॉटेलही रेल्वेचंच होतं, आता नाही, पाडलं.

खादाड_खाऊ

आणि खायला काय? इतके प्रतिसाद झाले, कोणी जेवणाचं बोलत नाही, हे मराठी लोकच ना?

पिट्टूवाला

@खादाड_खाऊ अल्टूना स्टाइल पिझ्झा. जाड चौकोनी पाव, सॉस, ढोबळी मिरची, सलामी आणि वर... पिवळ्या अमेरिकन चीजचा स्लाइस, सँडविचमध्ये घालतात तोच. अल्टूना हॉटेलात सुरू झाला, ते हॉटेल २०१३ला जळालं पण पिझ्झा वाचला. वाचायला नको होता असं इटालियन मित्र म्हणतो. मी सलामी वगळून खाल्ला, सोबत घरची लसणीची चटणी होती म्हणून निभावलं. गोड हवं तर मॅलो कप, तिथल्याच बॉयर कंपनीचे, १९३६पासून. आणि पेन्सिल्व्हेनियात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेलं शीट्झ, म्हणजे पेट्रोलपंप आणि दुकान अशी साखळी, ते १९५२ला याच गावात सुरू झालं, हेडऑफिस अजून तिथेच.

नदीपल्याड

शीट्झ! म्हणजे रेल्वेच्या गावाला आता जगवतोय कोण, तर पेट्रोलपंप. माझा मुद्दा मी इथे थांबवते :)

घाटवळण

हाहाहा, हा टोला मान्य. पण अल्टूनातलंच रेल्वेचं ज्युनियाटा वर्कशॉप १८९०च्या सुमाराचं आहे आणि अजून चालू आहे. नॉरफोक सदर्ननं जुनी डीसी मोटरची इंजिनं तिथे एसी मोटरची करून घेतली, म्हणजे नुसती डागडुजी नाही, जवळजवळ नवं इंजिन. १७ हजार लोक नाहीत पण कसब आहे. म्हणून मी ओस पाडलं हे शब्द प्रश्नचिन्हासकट लिहिले होते.

स्टेटकॉलेजकर

आत्ताच वाचला पूर्ण धागा. मी पेन स्टेट विद्यापीठात आहे, अल्टूना तासाभराच्या आत. वीकेंडला जायचा विचार आहे, गाडी आहे मित्राची. काय बघू? के-४ इंजिन चालू झालं का?

वाफाळलेला

के-४चा नंबर १३६१, १९१८ला अल्टूनात बनलेलं, १९५७ ते १९८५ कर्व्हवरच उघड्यावर उभं होतं. १९८७ला चालू केलं, पुढच्या वर्षी बंद पडलं, १९९६ला सुटं केलं आणि तेव्हापासून दुरुस्ती चालूच. बॉयलर आजच्या नियमात बसवणं हे मोठं खर्चाचं काम. ज्या गावात अशी इंजिनं ओळीनं बाहेर पडायची तिथे एक जोडायला इतकी वर्षं. फिटरची_पोरच्या बाबांसारखी माणसं आता आणायची कुठून?

पिट्टूवाला

@स्टेटकॉलेजकर सकाळी रेलरोडर्स मेमोरियल म्युझियम. १८८२च्या मास्टर मेकॅनिक्स बिल्डिंगमध्ये आहे, डडलीची मंडळी तिथेच बसायची. दुपारी कर्व्ह, वर जायला छोटी फ्युनिक्युलर (दोरानं ओढली जाणारी गाडी) आहे, नाहीतर पायऱ्या. निघण्याआधी वेळा बघून घे, हिवाळ्यात बंद असतं. मग गॅलिट्झिनला बोगद्याच्या तोंडाशी. मे ते सप्टेंबरात गेलास तर संध्याकाळी बेसबॉल, टीमचं नावच अल्टूना कर्व्ह, मैदानाच्या मागे रोलर कोस्टर दिसतो.

इगतपुरीचा_नातू

मोटारीनं कशाला, ॲमट्रॅकच्या प्रवासी रेल्वेनं जा ना कर्व्हवरून! खिडकी कुठल्या बाजूची घ्यायची तेवढं सांगा कोणीतरी.

गोधडी

डावी. आम्ही डावीकडेच बसलो होतो.

चहा_कटिंग

उजवी. यूट्यूबवर उजवीकडून दिसतं.

पिट्टूवाला

पिट्सबर्गकडे चढताना डावी, फिलाडेल्फियाकडे उतरताना उजवी. आणि सीट नंबर नसतो, त्यामुळे दारात आधीपासून उभा राहा, दादर स्टेशनची सवय कामाला येते.